गुहागरचा पलंग, बावधनचा सातवा मजला

पत्र :

सप्रेम नमस्कार. गेल्या दिवाळीनंतर आम्ही बावधनला स्वतःच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सातवा मजला. त्याच सुमारास गुहागरचं माझं माहेरचं घर विकलं गेलं. आई-बाबा दोघंही आता नाहीत. भाऊ टोरांटोला असतो, त्यामुळे घरातलं सामान टेम्पोत घालून माझ्याकडे आलं. आजी-आजोबांचा शिसवी पलंग, निळा ऑइलपेंट लावलेलं आरशाचं सागवानी कपाट, पितळी कड्यांचा झोपाळा, आरामखुर्ची, तांदळाचा पेटारा, पाट, चौरंग आणि पणजोबांनी करून घेतलेला सागवानी देव्हारा. एवढं सगळं आमच्या हॉलमध्ये आणि एका बेडरूममध्ये कोंबलं आहे. नवरा काही बोलत नाही. रोज संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाल्कनीत बसतो. चार वर्षांच्या मुलाला खेळायला जागा नाही. पलंगाच्या एका पायाखाली पिठासारखा भुसा पडतो आणि उन्हाळ्यात कपाटाच्या फळीला भेग गेली. भाऊ म्हणतो, ‘काहीही विकायचं नाही, देव्हारा पुढेमागे मी नेईन.’ आत्या दर वेळी आली की आधी पलंगापाशी जाते. मला हे घर माझं वाटतच नाही, गोदाम वाटतं. आणि काही काढायचं म्हटलं की आईला काय वाटेल, या विचाराने हात मागे येतो. काय ठेवू, काय काढू?

— एक वाचक, पुणे

उत्तर :

ताई,

भुश्याचं आणि भेगेचं सांगतेच, पण आधी त्या बाल्कनीतल्या खुर्चीबद्दल. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. ज्या घराचे हप्ते तुम्ही दोघं भरताय, त्या घराच्या हॉलमध्ये तुमच्या नवऱ्याला टेकायला जागा उरलेली नाही. ते बोलत नाहीत, कारण सामान तुमच्या माहेरचं आहे आणि तुमचं दुःख अजून ओलं आहे हे त्यांना दिसतं. या गप्प राहण्यात माया आहे. पण ती किती दिवस ताणायची? मुलगा झोपला की त्यांना शांतपणे विचारा, ‘या हॉलमध्ये तुला कुठे बसायला आवडेल?’ ते जो कोपरा सांगतील तो दुसऱ्या दिवशी रिकामा करा. सुतार, पॉलिश, भावाचा फोन, हे सगळं त्यानंतर. तुमच्या पत्रातली आरामखुर्ची त्यांना आवडली तर उत्तमच, नाही आवडली तर त्यांच्या पसंतीची साधी खुर्ची आणा. गुहागरच्या सामानाशेजारी ती शोभेल का, हा विचार आत्ता बाजूला ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. मला जे मनापासून वाटतं ते सांगते. गुहागरच्या त्या घरात यातली कुठलीही वस्तू आठवण म्हणून ठेवलेली नव्हती. पलंगावर माणसं झोपत होती, पेटाऱ्यात वर्षाचे तांदूळ होते, चौरंगावर सत्यनारायण होत होता, पाटावर पंगत बसत होती. म्हणून एकेका वस्तूसमोर उभं राहून एवढंच विचारा : या घरात रोज हिला कुणाचा हात लागणार आहे? उत्तरात कुणाचं तरी नाव आलं तर ती वस्तू ठेवा. नाव आलं नाही, तर जिथे तिला हात लागेल अशा घरी ती पाठवा. ती किती जुनी, किती महाग, कुणी केलेली, हे विचार त्यानंतरचे. आणि सगळं एका रविवारी उरकायला जाऊ नका. तुमचं माहेर विकून अजून वर्षही झालेलं नाही.

एका गोष्टीला मात्र थांबू नका, ती म्हणजे पलंगाखालचा भुसा. पिठासारखा बारीक, फिकट भुसा आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसत असतील, तर लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. रव्यासारखे टणक दाणे पडत असतील, तर सुक्या लाकडातली वाळवी असू शकते, तिचा उपाय वेगळा. खात्री करायला पायाखाली काळा कागद घाला आणि भुसा झटकून पुन्हा पडतो का ते काही आठवडे बघा. पडला तर कीड जिवंत आहे. जुन्या भोकांतून धक्का लागल्यावर सांडणारा भुसा वेगळा, त्याची एवढी चिंता नको.

पलंग पोखरून संपणार, या धास्तीत राहू नका. शिसवाचा काळपट गाभा किडीला सहसा दाद देत नाही. भुंगेऱ्याला लागतं ते बाहेरचं पांढरं लाकूड, त्यातल्या पिष्टासाठी. जुन्या पलंगांत दिसणारा भाग शिसवी आणि गादीखालच्या आडव्या पट्ट्या आंब्याच्या किंवा मिळेल त्या लाकडाच्या, असं पुष्कळदा असतं. पलंग उलटा करून टॉर्चने बघा. नुसत्या पट्ट्याच पोखरल्या असतील तर त्या बदलल्या की काम झालं, आजोबांच्या पलंगाला धक्काही लागत नाही. पायालाच कीड असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भोकाभोकांत सिरिंजने औषध भरून घ्या, नंतर मेण भरून भोकं बुजवा. म्हणजे पुढच्या वर्षी नवं भोक पडलं तर लगेच कळेल. कोणी रॉकेल चोळायला सांगेल. घरात लहान मूल आहे, झोपायची वस्तू आहे, रॉकेल अजिबात नको. हे काम लवकर करा, कारण हाच किडा नव्या फर्निचरच्या प्लायवूडमध्येही शिरू शकतो.

भेगेचं मात्र नेमकं उलटं. तिथे घाई करू नका. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात ७००च्या आसपास. शिवाय तुमच्या माहेरी समुद्राची दमट हवा बारा महिने. इतकी वर्षं ती हवा प्यायलेलं लाकूड पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये आलं, सुकलं आणि आक्रसलं. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, रुंदीत आक्रसतं. म्हणून रुंद फळीला उभी भेग जाते आणि सांधे खिळखिळे होतात. ही भेग आत्ता पुट्टी भरून बुजवलीत, तर पावसाळ्यात फळी फुगेल तेव्हा पुट्टी बाहेर ढकलली जाईल किंवा बाजूला नवी भेग जाईल. एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ द्या. जुलैत कपाटाचं दार घट्ट बसायला लागेल, तेव्हा सुतार म्हणेल, ‘ताई, जरा रंधा मारून देतो.’ मारू देऊ नका. दिवाळीनंतर तेच दार आपोआप सैल होतं आणि रंधा मारलेलं असेल तर कायमची फट राहते. पश्चिमेच्या खिडकीसमोर किंवा एसीच्या झोतात एवढी जुनी वस्तू ठेवू नका, एवढं पथ्य पाळा.

सुतार बोलवाल तेव्हा त्याने आधी काय केलं यावरून त्याची पारख करा. जुने सांधे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, वर पाचर किंवा लाकडी खुंटी ठोकून केलेले असतात, सरस लावलेला असतो. जो मिस्त्री पाचर शोधतो, हलवून बघतो, त्याला काम द्या. जो आल्या आल्या स्क्रू आणि लोखंडी पट्टी काढतो, त्याला चहा देऊन पाठवा. स्क्रू मारला की लाकडाला हलायला जागा राहत नाही आणि पुढची भेग तिथूनच सुरू होते.

पॉलिशचंही तसंच. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाने थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर जुनं लाखेचं पॉलिश आहे. ते खरवडून काढायची गरज नसते, जाणता पॉलिशवाला त्यावरच हात फिरवून ते जिवंत करतो. लाखेच्या पॉलिशवर गरम कप ठेवला किंवा पाणी साचलं की पांढरी वर्तुळं उठतात, तेवढं सांभाळायचं. चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचा आग्रह धरणारे बरेच भेटतील. आजीच्या पलंगाला ती काचेसारखी चमक मला तरी बघवत नाही, आणि एकदा ती चढवली की पुढच्या डागडुजीला सगळं खरवडावं लागतं.

निळ्या कपाटाबाबत मात्र कडक शब्दांत सांगते, कारण घरात चार वर्षांचं पोर आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६मध्ये निघाले आणि पुढच्या वर्षी अमलात आले. त्याआधीच्या रंगाची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून ‘सागवान आत लपलंय, घासून काढू’ म्हणत घरात कोरडा पॉलिश पेपर चालवू देऊ नका. ती धूळ फरशीवर बसते, मुलाच्या हाताला लागते आणि तिथून तोंडात जाते. रंगाचे पोपडे निघत नसतील तर कपाट ओल्या फडक्याने पुसा आणि रंग आहे तसाच ठेवा. काढायचाच असेल तर कपाट कार्यशाळेत पाठवा. आणि दुसरं : उंच कपाट वरून लोखंडी अँगलने भिंतीला पक्कं करा. मुलं खालचा खण उघडून त्यावर चढतात आणि आरशासकट कपाट अंगावर येतं. हे काम या आठवड्यातच करा.

आता पलंग कुठे ठेवायचा. तुमच्या बेडरूममध्ये तो आणू नका, असं मी सुचवेन. जुने पलंग साधारण चार फूट रुंदीचे असतात. आजच्या मापाची दोघांची गादी त्यावर बसत नाही, आणि मग कोणीतरी पलंग मधून कापून रुंद करायची कल्पना काढतं. कापू देऊ नका. दुसऱ्या खोलीत तो एकट्याचा पलंग म्हणून झकास बसेल. मापाची कापसाची गादी पिंजाऱ्याकडून करून घ्या. उंची भरपूर असते, खाली तांदळाचा पेटारा सरकतो का ते मोजून बघा. सरकला तर त्यात गोधड्या आणि हिवाळ्याचे कपडे राहतील, पेटाराही कामाला लागेल. मुलगा थोडा मोठा झाला की पलंग त्याचा. तोवर तो आत्याचा.

हो, आत्याचा. ती आली की पलंगापाशी जाते, याचा तुम्हाला धाक वाटतो, ती तपासणी करते असं वाटतं. जरा तिच्या बाजूने बघा. तो तिच्या आई-वडिलांचा पलंग आहे. घर विकलं तेव्हा तिचंही माहेर गेलं, आणि त्या व्यवहारात तिला कोणी फारसं विचारलं असेल असं वाटत नाही. ती पलंगाला हात लावते, कारण लावायला आता तेवढंच उरलं आहे. तिला चार दिवस राहायला बोलवा, त्याच पलंगावर झोपवा आणि सामानाचा निर्णय तिच्या देखत घ्या. काढून टाकल्यावर कळवलंत तर ती जन्मभर बोलून दाखवेल. आधी विचारलंत तर बहुधा तीच म्हणेल, ‘ते पाट मला दे आणि बाकीचं तुला सोयीचं पडेल तसं कर.’

तिला आणखी एक विचारा : तुमची आई लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा तिथे काय काय होतं आणि नंतर काय गेलं? गॅस आला तेव्हा चुलीभोवतीचं बरंच गेलं असेल. स्टीलची भांडी आली तेव्हा तांब्या-पितळेची मोडीत गेली असतील. लोखंडी कपाट आलं तेव्हा एखादं लाकडी फडताळ कोणाला तरी दिलं असेल. कोकणातल्या घराघरांत हे झालं आहे आणि ते बहुतेक त्या त्या घरातल्या बाईनेच ठरवलं आहे. तुमच्या आईनेही सासूच्या वस्तूंतून निवड केली, घराला लागेल ते ठेवलं, बाकीच्याला वाट करून दिली. तिने मागे ठेवलं ते आज तुमच्या हॉलमध्ये उभं आहे. आईला काय वाटेल, हे तुम्ही विचारता. आईने स्वतः काय केलं ते आत्याकडून ऐका, मग हात इतका मागे येणार नाही.

झोपाळ्यावर माझा जीव आहे हे कबूल करते, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. गुहागरला तो तुळईला टांगलेला असणार. तुमच्या फ्लॅटमध्ये तुळई नाही, पाच-सहा इंची स्लॅब आहे आणि कदाचित खाली पीओपीचं छत. कोणी ड्रिल घेऊन आला आणि हुक ठोकून गेला, असं इथे चालत नाही. दोन मोठी माणसं बसली की दीडशे किलो, वर फळी आणि कड्या, आणि झोका घेताना ताण त्याहूनही वाढतो. बिल्डरकडून किंवा सोसायटीकडून नकाशा मागवा आणि काँक्रीटची तुळई कुठून जाते ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून समजून घ्या. कड्या तुळईतच अडकवायच्या. काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताण दिलेल्या पोलादी तारा असतात, तिथे भोक पाडायचंच नाही. सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

परवानगी मिळाली तर कड्यांचा एकेक जोड नीट बघा. जिथे एक कडी दुसरीत अडकते, तिथे वर्षानुवर्षं घासून पितळ बारीक झालेलं असतं. बोट फिरवलं की खाच लागते. खाच खोल असेल तर ती कडी बदलायची, तिच्यावर मोर असला तरी. पितळ चिंचेने उजळा, जोडात थेंबभर तेल सोडा. तुमचं छत माहेरच्यापेक्षा खाली असेल, तेव्हा प्रत्येक बाजूची एक-दोन कड्यांची जोडणी कमी करावी लागेल. काढलेल्या कड्या नाव लिहून जपून ठेवा. मागेपुढे तीन-तीन फूट मोकळं लागतं, तेही मोजा. हे काहीच जमणार नसेल तर फळीला भोकं न पाडता खाली घडवंचीसारखे पाय करून घ्या. हॉलमधला सोफा कमी करून त्या फळीवर गाद्या टाकता येतात, मुलाला चढा-उतरायलाही ती सोपी. मजबूत स्टँडवर टांगलेला झोपाळाही मिळतो, पण तो जागा फार खातो, आणि जागेचीच तुमच्याकडे ओढ आहे.

पाट आणि चौरंग फारसे अडत नाहीत, ते सणावारी निघतातच. आत्याने पाट मागितले तर द्या. आरामखुर्ची कोणाच्या बसण्यात येणार नसेल, तर जवळच्या माणसांपैकी जिच्या घरी आजोबा आहेत अशी मैत्रीण शोधा. कपाट ठेवायला जागा नाही असं ठरलं, तर आधी नात्यात विचारा, मग ओळखीच्या सुताराला. त्याच्याकडे जुनं सागवान शोधणारी गिऱ्हाइकं असतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात थेट नेऊ नका. तिथे घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही, आणि माहेरची वस्तू भंगारासारखी मोजलेली तुम्हाला सोसवणार नाही. कपाट देताना निळ्या रंगाबद्दल घेणाऱ्यालाही सांगा.

राहिला भाऊ आणि देव्हारा. तुमच्याकडे देवांना जागा लागणारच आहे, तेव्हा देव्हारा आजच वापरात घ्या. समईखाली तबक ठेवा, ज्योतीपासून वरची महिरप हातभर लांब राहू द्या. भावाने ‘विकू नकोस’ म्हणणं स्वाभाविक आहे. तो लांब आहे, त्याच्या डोळ्यांसमोर ते घर अजून जसंच्या तसं आहे. पण सातव्या मजल्यावरची अडचण त्याला दिसत नाही. म्हणून भांडू नका, दाखवा. प्रत्येक वस्तूचा फोटो, लांबी-रुंदी आणि तिच्यामागे अडकलेला तुमचा हॉल, हे सगळं त्याला आणि आत्याला एकत्र पाठवा. खाली लिहा की ज्याला जे हवं त्याने दसऱ्यापर्यंत सांगावं आणि कधी, कसं नेणार तेही सांगावं. तोवर तुम्ही काहीही विकणार नाही, असा शब्द द्या आणि तो पाळा. दसऱ्यानंतर उरलेल्या वस्तूंचं तुम्ही ठरवाल, हेही त्याच संदेशात असू दे.

देव्हारा तो ‘पुढेमागे’ नेणार असेल तर एक माहिती त्याला आत्ताच द्या. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजोबांनी करून घेतलेला देव्हारा त्या वयाचा असू शकतो. तेवढा जुना नसेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा लागतो आणि मगच तो पाठवता येतो. तेव्हा त्याला म्हणावं, आधी वस्तूचं वय काढू, दाखला मिळतो का पाहू, आणि मग जहाजाचं भाडं विचार. तोवर त्यात तुमचे देव बसू देत. दाखला मिळाला नाही तर देव्हारा तुमच्याकडेच राहणार, हे भावाच्या कानावर आत्ताच घाला, म्हणजे पुढे त्यावरून मन कलुषित व्हायला नको.